अडचणीतल्या बायकांसाठी कायमचा फंड काढायचाय, तर साड्या आणि मशीनच्या पुढे काय?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की तालुक्याच्या गावात तुमचा अठरा जणींचा ग्रुप आहे, दोन वर्षं वर्गणी काढून तुम्ही साड्या, ब्लँकेट आणि चार शिलाई मशीन दिल्या, आता अडचणीतल्या बायकांसाठी कायमचा फंड करायचाय, तर पैसे कसे जमवायचे, रजिस्ट्रेशन लागतं का आणि कोणाला किती द्यायचे. मी बावीस वर्षं समुपदेशन केंद्रात आणि त्याच्या जोडीला असा छोटा फंड चालवण्यात घालवली आहेत, म्हणून जरा लांब लिहितेय, वेळ काढून वाचा.

पैसे कसे जमवायचे हे नंतर सांगते, आधी पैसे कशावर लागतात ते बघू, कारण तिथेच बहुतेक ग्रुप चुकतात. शिलाई मशीन ही देणाऱ्याला आवडणारी वस्तू आहे, फोटो चांगला येतो. मी एका गावात गेले होते तिथे वेगवेगळ्या लोकांनी मिळून अकरा मशीन वाटलेल्या होत्या आणि त्या गावात अकरा बायकांना पुरेल एवढे ब्लाउज शिवायलाच नव्हते. आता त्याच गावातली एक बाई, नवरा मारायचा म्हणून दोन पोरं घेऊन निघाली, तिला मशीन नको होती. तिला जिल्ह्याला जायचं एसटीचं भाडं पाहिजे होतं, दोन दिवसांची बुडालेली मजुरी पाहिजे होती आणि कोर्टात सोबत बसणारं कोणीतरी पाहिजे होतं. हे तिन्ही द्यायला कोणी तयार नव्हतं, कारण याचा कार्यक्रम होत नाही ना.

आपल्याकडे सरकारी सेवा नाहीत असं नाही, बऱ्याच आहेत. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, ही योजना २०१५ पासून आहे, तिथे एकाच जागी समुपदेशन, दवाखाना, पोलीस, वकील यांची जोडणी मिळते आणि साधारण पाच दिवस राहता येतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत, आणि आधी पोलिसात तक्रार केलीच पाहिजे अशी अट त्या कायद्यात नाही, हे अजून कित्येक जणींना माहीत नसतं. बऱ्याच पोलीस ठाण्यांत महिलांसाठी विशेष कक्ष आहेत, त्याची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात केली होती. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली दिलासा केंद्र सुरू झालं, म्हणजे मार खाऊन आलेली बाई दवाखान्यातच ओळखायची आणि तिथेच तिच्याशी बोलायचं. आणि वकील तर प्रत्येक बाईला फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये बाईला उत्पन्नाची अटच नाही, अगदी पगारदार असली तरी. तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, फोन करायचा तर १५१००.

मग फंड कशाला? तर या सेवा आणि ती बाई यांच्या मधलं जे अंतर आहे त्याच्यासाठी. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय की अर्जाची पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा. माझ्या बघण्यातल्या केसेसमध्ये साठ दिवसांत निकाल फार क्वचित लागलाय. त्या मधल्या महिन्यांत बाई खाणार काय, राहणार कुठे? वन स्टॉप सेंटरचे पाच दिवस झाले की पुढे शासकीय निवारागृह, पण मोठा मुलगा असेल तर तिथे अडचण येते, काम गावातच असेल तर ती लांब जायला तयार नसते, मग भाड्याची खोली, आणि खोली म्हटलं की डिपॉझिट. माझ्या अनुभवात बाई परत त्याच घरात जाते याचं सगळ्यात मोठं कारण प्रेम नाही, लोकलाजही नाही, डिपॉझिट हे आहे. म्हणून मी सांगेन की तुमचा फंड दोनच गोष्टींसाठी ठेवा, पहिल्या तीन दिवसांचा खर्च आणि नंतरचे सहा महिने तग धरायचा खर्च. बाकी सगळं सरकारकडून आणि कोर्टाकडून काढायचं, ते तिच्या हक्काचं आहे.

पहिल्या तीन दिवसांचा म्हणजे भाडं, औषध, पोरांचं खाणं, एखादा साधा मोबाईल आणि नवीन सिम. सिम का ते सांगते. बहुतेक बायकांच्या आधारला आणि बँकेला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो. म्हणजे तिच्या खात्यावर शंभर रुपये आले तरी मेसेज त्याला, ओटीपी त्याला. लाडकी बहीणचे १,५०० असोत किंवा संजय गांधी निराधारचे, पैसे तिच्या नावावर पडतात आणि चावी त्याच्याकडे. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलायला कागद लागत नाही, ती स्वतः आधार केंद्रात गेली आणि अंगठा दिला की होतं, फी किरकोळ आहे. ती गाडीत बसून केंद्रावर पोचेल आणि मग बँकेत जाऊन तिथलाही नंबर बदलून घेईल, एवढं तुमच्या फंडाने केलं तरी तिच्या हातात कायमचं काहीतरी आलं. मी तर हे पहिल्याच आठवड्यात करायला लावते.

सहा महिन्यांच्या खर्चात डिपॉझिट, दोन-तीन महिन्यांचं भाडं, तारखेला जायचा खर्च, आणि कागदपत्रं. कागदपत्रं हा शब्द छोटा आहे पण त्यात माणूस दमून जातो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, विधवा असेल तर मृत्यूचा दाखला, टाकलेली असेल तर तसा दाखला, रेशन कार्डावरून नाव कमी करून वेगळं कार्ड, आणि नाव कमी करायला सासरचे सही देत नाहीत. सेतूत चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक दिवसाचा रोज बुडतो. फेरीचा रोज फंडातून द्या. लोक म्हणतात सवय लागेल, मला आजपर्यंत एकही बाई अशी भेटली नाही जिला तहसीलला चकरा मारायची सवय लागली.

योजनांचं तुमच्यातल्या एकीने नीट पाठच करून ठेवा. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता बसतात, महिन्याला १,५००. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात, अर्ज तहसीलला. एकट्या आईच्या पोरांसाठी बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे, एका मुलामागे महिन्याला २,२५०, हा अर्ज महिला व बालविकासकडे जातो आणि मंजुरीला वेळ लागतो म्हणून पहिल्याच महिन्यात टाकायचा. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर मनोधैर्य योजना आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते. आणि पोरांची शाळा! दाखला जुन्या शाळेत, जुनी शाळा सासरच्या गावात, म्हणून पोरं घरी बसलेली मी किती बघितलीत. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. हेडमास्तरांकडे जाताना कलम ५ ची झेरॉक्स सोबत न्या आणि नम्रपणे पुढे ठेवा, नव्वद टक्के वेळा तिथेच काम होतं.

आता पैसे. तुम्ही विचारलंय मोठा कार्यक्रम करू का. माझं मत, पहिल्या वर्षी नको. कार्यक्रमाला मंडप, स्पीकर, पाहुण्यांचं नारळ-शाल यातच निम्मे जातात आणि आलेले पैसे एकदाच येतात. तुम्हाला दर महिन्याला येणारे पैसे पाहिजेत, कारण बायका दर महिन्याला येतात. अठरा जणी आहात, प्रत्येकीने आठ माणसं शोधली, महिन्याला शंभर देणारी, तर १४४ माणसं, १४,४०० रुपये महिना. तालुक्याच्या फंडाला सुरुवातीला एवढे पुष्कळ आहेत. शंभर रुपये देणारा माणूस अटी घालत नाही, फोटो मागत नाही, आणि त्याच्या ओळखीतली बाई अडचणीत आली की पहिला फोन तुम्हाला करतो, हा फायदा पैशांपेक्षा मोठा आहे.

ही पद्धत काही नवीन नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली, आणि त्यांनी एकरकमी देणगी मागितली नाही, दहा वर्षं मदत देऊ असा शब्द लोकांकडून घेतला, गावोगावी मंडळं झाली ज्यांचे सभासद वर्षाला थोडे थोडे द्यायचे. त्याच जोरावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा आणि वसतिगृह, उघडलं. पुढची दहा वर्षं पैसे येणार हे माहीत असलं की माणूस घर भाड्याने घेऊ शकतो, शिक्षिका ठेवू शकतो. तुम्ही दहा वर्षांचं नका मागू, बारा महिन्यांचा शब्द घ्या.

मागताना काय बोलायचं तेही सांगते, कारण नवीन मुली "गरजू महिलांना मदत करा" म्हणतात आणि समोरचा जुनी साडी काढून देतो. तसं नाही. सांगायचं की तुमच्या शंभर रुपयांत एक बाई तालुक्याला जाऊन येते, वीस जणांच्या शंभरात एका खोलीचं महिन्याचं भाडं निघतं. तुमच्या गावचे खरे दर घाला. जे सांगाल तेच करा, आणि दर तीन महिन्यांनी एक पानाचा हिशेब सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा, किती आले, कशावर गेले, किती जणींना, शिल्लक किती. नावं नाहीत, फोटो नाहीत, फक्त आकडे. पैसे परत परत येतात ते या एका पानामुळे, भावनिक मेसेजमुळे नाही.

हळदीकुंकवाला फंड जमवायची कल्पना तुम्ही लिहिलीय, त्यावर एक प्रेमाने सांगते. विधवांसाठी पैसे जमवायचे आणि त्याच कार्यक्रमाला विधवांना बोलावणं नाही, हे मी स्वतः बघितलंय आणि तेव्हा गप्प बसले याचं आजही वाईट वाटतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं. तुम्हीही संक्रांतीला तिळगुळाचा कार्यक्रम करा, सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना कुंकू-फूल द्या. ज्या बायका एरवी कोपऱ्यात उभ्या राहतात त्या पुढे येऊन बसल्या की तुम्हाला शोधत फिरावं लागत नाही.

रजिस्ट्रेशनचं. अठरा जणींनी आपसात पैसे काढून कोणाला मदत केली तर कोणी विचारत नाही. पण लोकांकडून वर्गणी सुरू केली, पावती पुस्तक छापलं, क्यूआर कोड लावला की मग कायदा लागतो. गणपती मंडळं दरवर्षी धर्मादाय कार्यालयातून वर्गणी जमवायची ४१ क ची परवानगी काढतात ना, तीच वाट, पण ती तेवढ्यापुरती असते. कायमचं करायचं तर संस्था, किमान सात जणी, १८६० च्या कायद्याखाली आणि महाराष्ट्रात त्याच्यासोबत १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली. मग दरवर्षी ऑडिट, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवायचा. हा चेंज रिपोर्ट लोक विसरतात आणि दहा वर्षांनी बँक खातं अडकतं, म्हणून आत्ताच लिहून ठेवा. माझा सल्ला असा की पहिलं वर्ष एखाद्या ओळखीच्या, चांगला हिशेब असलेल्या नोंदणीकृत संस्थेसोबत काढा, त्यांच्या खात्यात तुमच्या फंडाचं वेगळं खतावणी पान ठेवायला सांगा, लेखी करून घ्या. वर्षभर काम टिकलं तर स्वतःची संस्था करा. कोणाच्याही पर्सनल खात्यावर, अगदी अध्यक्षांच्या सुद्धा, एक रुपया घ्यायचा नाही. बचत गटाच्या खात्यात तर अजिबात नाही, गटाचा पैसा सभासदांचा असतो आणि त्याच्यावर बँकेचं कर्ज असतं, एकदा मिसळलं की निस्तरत नाही.

८०जी, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकराची सवलत, लगेच पाहिजे का, तर शंभरवाल्यांना त्याचा काही उपयोग नाही. मोठे देणगीदार आले की बघा, तेव्हाही लक्षात ठेवा की दोन हजारांच्या वर रोख दिले तर सवलत मिळत नाही, आणि नवीन कर पद्धत घेतलेल्यांना ती मिळतच नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं मात्र आत्ताच स्पष्ट करते, कारण तुम्ही लिहिलंय की एकीचा भाचा अमेरिकेतून पाठवायला तयार आहे. त्याचा पासपोर्ट भारताचा असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे असतील तर चालतं, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तो तिथला नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ते परदेशी देणगीत धरतात आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाही. प्रेमाने पाठवलेले असले तरी परत करा. त्याला म्हणावं, आईच्या मार्फत इथल्या लोकांकडून शंभर-शंभर गोळा करायला मदत कर.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. फोटो आणि गोष्ट. आमच्याकडून सुरुवातीच्या काळात एक चूक झाली. एका बाईला भांडी आणि गॅस दिला, देणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून फोटो काढला, आम्ही चेहरा दाखवला नव्हता, पाठमोरी होती, पण मागे गल्लीतलं देऊळ दिसत होतं. तो फोटो फिरत फिरत तिच्या दिराकडे गेला आणि आठव्या दिवशी तो खोलीच्या दारात उभा होता. तिला काही झालं नाही, शेजारच्यांनी सांभाळलं, पण खोली सोडावी लागली, पोरांची शाळा परत बदलली, आणि तिने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, चालू केसचा फोटो नाही, पाठमोरा नाही, हाताचा नाही. तिची परवानगी घेतली होती असं म्हणू नका, तुमच्याकडून गॅस घेताना ती नाही कशी म्हणेल? काही सांगावंसं वाटलंच तर सहा महिने जाऊ द्या, तिची मदत पूर्ण बंद झाल्यावर विचारा, आणि तरी गाव, जात, पोरांची संख्या बदला. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

हिशेबात नावं कशी लपवायची हा प्रश्न येईलच. प्रत्येक बाईला एक नंबर द्या, व्हाउचरवर तोच नंबर आणि कारण, नाव-पत्त्याची वही एकच, कुलपात, दोघींकडेच किल्ली. ऑडिटरला ती वही समोर बसून दाखवायची, झेरॉक्स द्यायची नाही. चांगला ऑडिटर हे समजून घेतो.

किती द्यायचे, याला आमची पद्धत सांगते. दोन हजारांपर्यंत दोघी जणी फोनवर ठरवतात, त्याच दिवशी देतात, कागद नंतर. त्याच्या वर असेल तर पाच जणींची मीटिंग, दोन दिवसांच्या आत. बाईला मीटिंगसमोर उभं करायचं नाही, पाच अनोळखी बायकांना आपलं दुःख सांगायला लावणं म्हणजे पुन्हा एक पंचायत बसवणं. जी तिच्यासोबत फिरतेय ती माहिती देते. आणि कर्ज म्हणून देऊ नका. कर्ज म्हटलं की ती तुमच्यापासून तोंड चुकवायला लागते, आणि नेमकं तेव्हाच तिला तुमची गरज असते. आमच्याकडे कित्येक जणींनी दोन-तीन वर्षांनी स्वतःहून महिना शंभर सुरू केलेत, पण आम्ही कधी मागितले नाहीत.

सोबत फिरणाऱ्या बाईला मानधन द्या. यावर तुमच्या ग्रुपमध्ये वाद होईल, समाजसेवेचे कसले पैसे म्हणतील. पण तारखेला चार तास कोर्टाच्या व्हरांड्यात बसणं, रात्री अकराला फोन उचलणं, पोलीस ठाण्यात शांतपणे परत परत तेच सांगणं, हे काम आहे, आणि ते एकीनेच सलग केलं पाहिजे. आज ही उद्या ती असं झालं की बाई प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसते आणि चौथ्या वेळी येणंच बंद करते. आमच्या फंडातला जवळपास निम्मा पैसा मानधन आणि प्रवासावर जातो, तिमाही हिशेबात आम्ही तो तसाच लिहितो. सुरुवातीला दहा-बारा देणगीदार सोडून गेले. उरलेले आजही आहेत.

शेवटचा एक मुद्दा, तुमच्या प्रश्नात नाही पण पहिल्याच वर्षी समोर येईल. तुम्ही डिपॉझिट द्याल, खोली बघून द्याल, आणि महिन्याभरात ती परत नवऱ्याकडे जाईल. ग्रुपमध्ये चिडचिड होईल, आपले पैसे वाया गेले म्हणतील, पुढच्या वेळी तिला द्यायचे नाहीत असा ठराव आणतील. तो ठराव होऊ देऊ नका. मालकाकडून डिपॉझिट परत घ्यायचं, म्हणून भाडेकरार सुरुवातीपासून असा लिहायचा की डिपॉझिट फंडाला परत मिळेल, आणि तिची फाइल बंद करायची नाही. जाताना तिला एवढंच सांगायचं की नंबर तोच आहे. एक बाई आमच्याकडे तीन वेळा येऊन परत गेली होती. चौथ्या वेळी पहाटेच्या एसटीने आली, पोरगी कडेवर, हातात एक पिशवी. वहीत तिचा जुनाच नंबर होता, त्याच्यापुढे मी फक्त नवीन तारीख लिहिली आणि भाड्याचे १८० रुपये.